इमारतीत सारखा खोटा फायर अलार्म वाजतोय, भाडेकरूने करायचं काय?

तिसरामजला

नमस्कार मंडळी. आमच्या इमारतीत गेले काही महिने फायर अलार्म उगाचच वाजतोय. आठवड्यातून दोन-तीनदा तरी, आणि बहुतेक वेळा मध्यरात्रीनंतर. सुरुवातीला सगळे धावत खाली यायचे, मुलं कडेवर, वयस्कर माणसं कठडा धरून धरून, अंगावर जे असेल त्यात. मग सिक्युरिटीवाला पॅनलवर काहीतरी दाबणार, आवाज बंद, "काही नाहीये, जा वर." आता लोक खाली येईनासेच झालेत. परवा वाजला तेव्हा आमच्या मजल्यावरून आम्ही आणि समोरचे काका एवढेच उतरलो, बाकीच्यांनी दार उघडून पॅसेजमध्ये वास घेतला आणि दार लावून घेतलं. मला खरी भीती याची वाटते.

घरमालकांना सांगितलं तर म्हणाले अलार्म इमारतीचा आहे, मॅनेजमेंटशी बोला. मॅनेजमेंट म्हणते तुम्ही भाडेकरू, मालकांमार्फत या. भाडं मात्र दर महिन्याला वेळेवर जातंय. मुलगा दोन वर्षांचा आहे, दचकून उठतो आणि पुढे तासभर झोपत नाही.

प्रश्न असे: हे कायद्याने कोणाचं काम आहे? भाडं कमी करून मागता येतं का? आणि दुरुस्तच करणार नसतील तर कराराची मुदत संपायच्या आधी दंड न भरता सोडून जाता येतं का? कोणाला अनुभव असेल तर सांगा.

झोपाळू

आमच्याकडेही डिट्टो. वाचतोय.

गजर_नको

एवढं डोकं कशाला लावताय? घरातला डिटेक्टर फिरवून काढा, नाहीतर वर प्लास्टिकची पिशवी बांधा रबरबँड लावून. आमच्या मजल्यावर निम्म्या लोकांनी हेच केलंय. शांत झोप लागते.

कंदील

गजर_नको, कृपा करून असले सल्ले देऊ नका. एक तर घरातला डिटेक्टर झाकून इमारतीचा अलार्म वाजायचा थांबत नाही, तो दुसऱ्याच कुठल्या तरी डिटेक्टरमुळे वाजत असू शकतो, मग पिशवी बांधून मिळवलं काय? आणि दुसरं, तुमच्याच घरात खरोखर आग लागली तर सगळ्यात आधी कळायला हवं ते तुम्हाला, नेमकं तेच बंद. त्यात आणखी, आज चूक पूर्णपणे मालकाची किंवा मॅनेजमेंटची आहे. डिटेक्टरला हात लावलात की उद्या तेच म्हणतील, भाडेकरूंनीच छेडछाड केली म्हणून सिस्टीम बिघडली. बऱ्याच ठिकाणी हा सरळ गुन्हा आहे, विमा कंपनीही हेच कारण पुढे करू शकते.

गजर_नको

बरं बाबा. पण मग रात्रभर जागायचं का? लहान मूल असलं की कळतं.

कंदील

जागायचं नाहीच. दुरुस्त करून घ्यायचं. धागा त्यासाठीच आहे की.

शांतिपाठ

थोडं वेगळं मत मांडतो. अलार्म वाजतोय म्हणजे यंत्रणा जिवंत आहे. कितीतरी इमारतींत पॅनल वर्षानुवर्षं बंद पडलेलं असतं, कोणाला पत्ता नसतो. त्यापेक्षा चार वेळा उगाच वाजलेला परवडला. थोडं सहन करावं, मॅनेजमेंटला वेळ द्यावा. लगेच हक्क, नोटीस, भाडेकपात असं सुरू केलं की संबंध बिघडतात आणि काम आणखी रखडतं.

तारतम्य

शांतिपाठ, तुमचा मुद्दा प्रामाणिक आहे पण मला तो धोक्याचा वाटतो, का ते सांगतो. २००० सालच्या जानेवारीत अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या सेटन हॉल विद्यापीठाच्या बोलँड हॉल या वसतिगृहात पहाटे आग लागली. त्याआधीच्या सत्रात तिथे १८ वेळा खोटा अलार्म वाजला होता. त्यामुळे त्या पहाटे अलार्म झाला तेव्हा बऱ्याच मुलांना वाटलं नेहमीचंच आहे आणि ती अंथरुणातच राहिली. ३ विद्यार्थी गेले, पन्नासहून जास्त जखमी झाले. अलार्म वाजला होता हो. यंत्रणा जिवंत होती. माणसांचा तिच्यावरचा विश्वास आधीच मेला होता.

तिसरामजला यांनी पहिल्याच परिच्छेदात जे लिहिलंय, लोक वास घेऊन दार लावतात, ते नेमकं हेच आहे. म्हणून मी तरी याला आवाजाचा त्रास म्हणणार नाही. ही सुरक्षेची यंत्रणा नादुरुस्त असल्याची तक्रार आहे. पत्रात हाच शब्द वापरा, झोपमोड दुसऱ्या परिच्छेदात घ्या. झोपमोड लिहिली की समोरचा "सॉरी" म्हणतो, सुरक्षा यंत्रणा नादुरुस्त लिहिलं की त्याला ते कागद फाईलला लावावं लागतं.

पारावरचा

लांडगा आला रे आला, आणखी काय.

शांतिपाठ

तारतम्य, ही घटना मला माहीत नव्हती. वाचून काटा आला. तरी माझं म्हणणं एवढंच की पहिलं पत्र भांडणाच्या सुरात नको.

तारतम्य

हे शंभर टक्के मान्य. सूर नरम, मजकूर ठाम.

बिनतारी

या विषयावर लिहायचा मोह आवरत नाही कारण अलार्म सिस्टीमच्या देखभालीचं काम बरीच वर्षं केलंय. जरा मोठं होईल, सांभाळून घ्या.

सगळ्यात पहिली गोष्ट, "उगाच" असं काही नसतं. पॅनल स्वतःहून कधीच वाजत नाही, त्याला कुठून तरी सिग्नल आलेला असतो. आजकालची बहुतेक पॅनलं अ‍ॅड्रेसेबल असतात, म्हणजे प्रत्येक डिटेक्टरला आपापला नंबर असतो आणि कोणता डिटेक्टर किती वाजता बोलला हे पॅनलच्या मेमरीत नोंदलं जातं. जुनी कन्व्हेन्शनल पॅनलं असली तरी निदान झोन तरी कळतो, कुठला मजला किंवा कुठला जिना. तेव्हा "आम्हाला कारण सापडत नाही" असं कोणी म्हणालं तर याचा अर्थ त्यांनी लॉग वाचलेला नाही. सिक्युरिटीवाला सायलेन्स दाबतो, रिसेट दाबतो, झालं. मग दोन दिवसांनी तोच डिटेक्टर पुन्हा.

कारणं नेहमीची ठरलेली असतात. धूळ, विशेषतः कुठे रंगकाम, फरशीकाम, भिंत घासणं चालू असेल तर. डिटेक्टरच्या आतल्या खोबणीत शिरलेले किडे, बारीक कोळी. बाथरूमच्या दाराबाहेर लावलेला स्मोक डिटेक्टर, गरम पाण्याची वाफ त्याला धूरच वाटते. स्वयंपाकघराच्या अगदी जवळ लावलेला स्मोक डिटेक्टर, जिथे खरं तर उष्णतेवर चालणारा हीट डिटेक्टर हवा. डास मारायचे किंवा सुगंधी स्प्रे. ओल. आणि वय, घरगुती स्मोक अलार्म साधारण १० वर्षांनी बदलायचा असतो, लोक घर विकून जातात तरी तो बदलला जात नाही.

आता तुमच्या प्रश्नातली मला खटकलेली गोष्ट: बहुतेक वेळा मध्यरात्रीनंतर. तुमच्या पॅसेजमध्ये छताला स्प्रिंकलरचे, म्हणजे आगीत आपोआप पाणी फवारणाऱ्या तोट्यांचे, पाइप आहेत का? असतील तर त्या लाइनवर फ्लो स्विच असतो. आग लागली, स्प्रिंकलर फुटला, पाइपातून पाणी वाहू लागलं की हा स्विच अलार्म देतो. पण रात्री पाण्याचा वापर कमी झाला की लाइनचं प्रेशर वाढतं, किंवा पंप मध्येच चालू-बंद होतो, पाइपात पाण्याचा एक धक्का बसतो आणि स्विचचं पातं हलतं. म्हणून त्यात काही सेकंदांचा विलंब ठेवायची सोय असते, पाणी तेवढा वेळ सलग वाहिलं तरच अलार्म. हा विलंब शून्यावर ठेवलेला असला किंवा ते पातं, स्प्रिंग झिजली असली की रात्री-बेरात्री बोंबाबोंब. मी अशा केसेस पाहिल्यात जिथे सगळ्या मजल्यांवरचे डिटेक्टर धुऊन पुसून झाले, काही बदलूनही झाले, बिल लागलं, आणि दोष निघाला तळमजल्यावरच्या फ्लो स्विचमध्ये.

तिसरामजला

बिनतारी दादा, पाइप आहेत! लाल रंगाचे, पॅसेजभर. हे कोणी बोललंच नव्हतं आत्तापर्यंत. आम्हाला प्रत्येक वेळी सांगतात की कोणाच्या तरी स्वयंपाकाचा धूर असेल. रात्री दोन वाजता कोण स्वयंपाक करतंय?

बिनतारी

लगेच खात्री धरू नका, शक्यता म्हणून सांगितलं. लॉग बघितल्याशिवाय मीसुद्धा सांगू शकणार नाही. पुढच्या वेळी वाजला की रिसेट करायच्या आधी पॅनलच्या स्क्रीनचा फोटो काढा. तिथे डिटेक्टरचा नंबर किंवा जागा लिहून येते. सायलेन्स केलं तरी ती ओळ राहते, रिसेट केलं की जाते. सिक्युरिटीवाल्याला गोड बोलून एवढंच सांगा, फोटो होईपर्यंत थांब. मात्र हे इमारत रिकामी झाल्यावर आणि आग नाही याची खात्री झाल्यावर. अलार्म वाजत असताना पॅनलकडे धावायचं नाही, बाहेर पडायचं.

उंटावरून

मध्येच एक अवांतर. घरातला छोटा अलार्म दर मिनिटाला एकदा "चिक्" करतोय. तोही खोटा अलार्मच का?

बिनतारी

नाही, ती बॅटरी संपत आल्याची खूण. बॅटरी बदला. बदलूनही चालूच राहिलं तर मागे छापलेली तारीख बघा, अलार्मचंच आयुष्य संपलं असेल.

उंटावरून

बॅटरी बदलली, थांबला. माझं मांजर तुमचं आभारी आहे, बिचारं पलंगाखालून बाहेर यायला तयार नव्हतं.

खिडकीतली

मला एका गोष्टीकडे लक्ष वेधायचंय जी अजून कोणी लिहिली नाही. माझी आई व्हीलचेअरवर आहे. बऱ्याच इमारतींत अलार्म वाजला की लिफ्ट आपोआप तळमजल्यावर जाऊन दार उघडून थांबते, आगीच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पण याचा अर्थ प्रत्येक खोट्या अलार्मला आम्ही वर अडकतो. तिला उचलून जिन्याने न्यायचं का थांबायचं, हा निर्णय दर वेळी मध्यरात्री घ्यायचा आणि पाच मिनिटांनी कळायचं की काही नव्हतं. एकदा शेजारचे दोघं मदतीला आले, खुर्ची उचलली, एकाची पाठ धरली. पुढच्या वेळी त्यांना हाक मारायला मला संकोच वाटला. खरी आग असती तर?

ज्यांच्या घरी चालता न येणारी, ऐकू न येणारी माणसं आहेत त्यांनी इमारतीकडे लेखी मागायला हवं की आमच्या माणसासाठी बाहेर काढायची योजना काय आहे. ऐकू न येणाऱ्यांसाठी उजेडाचा झोत मारणारे किंवा उशीखाली थरथरणारे अलार्म मिळतात. हेही भाडेकरूच्या हक्कात धरा.

तिसरामजला

खिडकीतली ताई, समोरचे काका पण गुडघेदुखीमुळे फार हळू उतरतात. त्यांचं नाव तक्रारीत घ्यायला हवं हे तुमच्यामुळे सुचलं, त्यांना विचारते.

झोपाळू

तिसरामजला, तुमचा मुलगा उठतो तरी. माझी मुलगी सात वर्षांची, ती अलार्ममध्ये ढिम्म हलत नाही. याची जास्त काळजी वाटते.

बिनतारी

झोपाळू, हे तुमच्याच घरी नाहीये. नेहमीच्या अलार्मची किणकिणती पट्टी लहान मुलांना गाढ झोपेतून उठवायला कमी पडते हे प्रयोगांतून बऱ्याचदा दिसलंय. खालच्या पट्टीचा, ५२० हर्ट्झच्या आसपासचा आवाज जास्त चांगला उठवतो, अमेरिकेच्या मानकात झोपायच्या खोल्यांसाठी तो घातला गेला तो त्यामुळेच. तोपर्यंत घरात ठरवून ठेवा की अलार्म झाला की मुलीला कोण उचलणार. तिने स्वतःहून उठायची वाट बघायची नाही.

सडाफटिंग

मी असतो तर दुसऱ्या महिन्यात भाडं थांबवलं असतं. पैसे थांबले की मालक बरोबर जागा होतो. बाकी पत्रं-बित्रं कोणी वाचत नाही.

कलमदान

सडाफटिंग, हा सल्ला वाचून कोणी अडचणीत येऊ नये म्हणून लिहिते. वकिली करते, पण इथे सर्वसाधारण माहिती देतेय, प्रत्येकीने आपला करार आणि आपल्याकडचा कायदा बघावा.

भाडं परस्पर थांबवणं हे भाडेकरूच्या हातून सगळ्यात जास्त वेळा होणारं नुकसान आहे. भाडं थकलं की मालकाला घर खाली करायला सांगायचं सगळ्यात सोपं कारण मिळतं आणि अलार्मचा मुद्दा बाजूलाच राहतो. अमेरिकेत काही राज्यांत भाडं कोर्टाकडे किंवा वेगळ्या खात्यात जमा करायची सोय आहे, पण तीही ठरलेल्या पद्धतीनेच, आधी नोटीस देऊन. आपल्या मनाने नाही.

आता मूळ प्रश्न. काम कोणाचं? जवळजवळ सगळीकडे तत्त्व सारखं आहे, सामायिक भागातली अग्निसुरक्षा ज्याच्या ताब्यात इमारत आहे त्याची. इंग्लंड-वेल्समध्ये २००५ च्या फायर सेफ्टी ऑर्डरमध्ये "जबाबदार व्यक्ती" असा शब्द आहे आणि यंत्रणा नीट चालत्या अवस्थेत, दुरुस्त ठेवणं हे तिचं कर्तव्य आहे. तिथल्या ब्रिटिश मानकाप्रमाणे अशा सिस्टीमची तपासणी साधारण दर ६ महिन्यांनी व्हायला हवी. महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम आहे, त्याप्रमाणे यंत्रणा सुस्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र मालक किंवा भोगवटादाराने वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैमध्ये, अग्निशमन अधिकाऱ्यांकडे द्यायचं असतं. तेव्हा "शेवटचं प्रमाणपत्र दाखवा" एवढी एक ओळ विचारली तरी पुष्कळ गोष्टी उघड्या होतात. दिलं नाही तर अग्निशमन विभागाकडे लेखी अर्ज करा, माहिती अधिकारात मागा.

भाडं कमी? इंग्लंड, कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलिया इथे भाडेकरूला घराचा निर्वेध उपभोग मिळाला पाहिजे हे करारात लिहिलेलं नसलं तरी धरलं जातं. एखादा अलार्म झाला म्हणून काही मिळत नाही. पण सारखं होतंय, मालकाला कळवलंय, त्याने वाजवी वेळेत काही केलं नाही, हे तिन्ही कागदावर दाखवता आलं तर बाजू भक्कम होते. महाराष्ट्रात लीव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यांचा मुख्य आधार त्यांचा करारच, म्हणून त्यातली देखभालीची आणि मुदतीआधी सोडण्याची कलमं आजच काढून वाचा. लॉक-इन (ठरावीक काळ घर सोडता न येण्याची अट) असेल तर उठून जायच्या आधी नोटीस द्या: अमुक तारखेपर्यंत दुरुस्ती करा, नाहीतर मी करार संपवायचा विचार करेन. त्या नोटिशीशिवाय गेलात तर डिपॉझिटवरून वाद होणार हे नक्की.

सातासमुद्रा

कलमदान यांच्या कॅनडाच्या उल्लेखाला जोड देतो. ऑंटारिओमध्ये २००६ चा निवासी भाडेकरू कायदा आहे, त्यात मालकाने भाडेकरूच्या वाजवी उपभोगात मोठा व्यत्यय आणू नये असं कलम आहे. लँडलॉर्ड अँड टेनंट बोर्डाकडे टी२ नावाचा अर्ज करता येतो आणि बोर्ड भाड्यातला काही भाग परत द्यायला सांगू शकतं. पण घटनेपासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि ते वाट बघत बसतात.

आमच्या इमारतीत अर्जापर्यंत जायची वेळ आली नाही. सगळ्या भाडेकरूंनी मिळून एकच वही ठेवली होती, लिफ्टजवळ, दोरीला पेन बांधून. तारीख, वाजल्याची वेळ, बंद झाल्याची वेळ, पॅनलवर काय दिसलं, कोण खाली आलं. ज्याला जमेल त्याने लिहायचं. त्या वहीचे फोटो एका ईमेलला जोडून पाठवले तेव्हा मॅनेजमेंटचा माणूस स्वतः भेटायला आला. एकेकट्याने केलेल्या फोनला मात्र वर्षभर "बघतो" हेच उत्तर होतं.

पारावरचा

आणि त्या जिन्यातल्या मध्यरात्रीच्या संमेलनांमुळे सगळी इमारत एकमेकांना ओळखायला लागली असेल!

सातासमुद्रा

खरंच लागली. वहीची कल्पना जिन्यातच निघाली.

कंदील

आणखी एक दार ठोठावता येतं. अमेरिकेत आणि कॅनडात बऱ्याच शहरांत वारंवार खोटा अलार्म झाला की नगरपालिका इमारतीच्या मालकाला दंड करते. स्कॉटलंडमध्ये तर १ जुलै २०२३ पासून ऑफिसं, दुकानं वगैरे ठिकाणचा नुसता ऑटोमॅटिक अलार्म वाजला तर आग आहे याची खात्री केल्याशिवाय अग्निशमन दल निघतच नाही. घरं, हॉस्पिटलं, जिथे लोक झोपतात अशा जागा त्यातून वगळल्यात, पण रोख समजून घ्या, खोट्या अलार्मात अडकलेला बंब खऱ्या आगीला उशिरा पोचतो. म्हणून अग्निशमन विभागाला कळवण्यात चुगलीसारखं काही नाही. त्यांनाही हे थांबायला हवंच असतं.

शांतिपाठ

हा मुद्दा पटला. मी अग्निशमन दलाकडे जाणं म्हणजे थेट पोलीसात जाण्यासारखं समजत होतो.

गजर_नको

पिशवी काढली हो आजच. बायकोने धागा वाचला.

तारतम्य

उत्तम! मजल्यावरच्या बाकीच्यांनाही दाखवा.

तिसरामजला

अपडेट. काल रात्री पुन्हा वाजला. सगळे खाली आल्यावर सिक्युरिटीवाल्याला थांबवून स्क्रीनचा फोटो घेतला, तो पण चांगला मुलगा आहे, म्हणाला मॅडम मला कोणी शिकवलंच नाही, दोन बटणं दाखवली आणि सांगितलं हीच दाबायची. स्क्रीनवर "फ्लो स्विच, रायझर २" असं लिहिलेलं आहे, रायझर म्हणजे मजल्यांमधून वर जाणारा पाण्याचा उभा पाइप. बिनतारी दादा!!

घरमालकांना तो फोटो पाठवला आणि तारतम्य यांनी सांगितल्याप्रमाणे "सुरक्षा यंत्रणा नादुरुस्त" असं लिहिलं. आश्चर्य म्हणजे अर्ध्या तासात त्यांचा फोन. त्यांनी स्वतः मॅनेजमेंटला ईमेल टाकून गेल्या सहा महिन्यांचा लॉग मागितला. मॅनेजमेंटने एका पानाचा काहीतरी कागद पाठवलाय, त्यातसुद्धा बहुतेक ओळी त्याच रायझर २ च्या आहेत, दोन-तीन कचऱ्याच्या खोलीतल्या डिटेक्टरच्या. म्हणजे इतके महिने आम्हाला स्वयंपाकाचा धूर सांगत होते आणि कागद त्यांच्याकडेच होता. फार राग आला.

आता ते म्हणतात की दुरुस्ती होईपर्यंत रात्री तो फ्लो स्विच आयसोलेट करून ठेवतो. हे चालेल का?

बिनतारी

अजिबात तसंच चालणार नाही. आयसोलेट म्हणजे त्या भागात स्प्रिंकलर फुटला तरी पॅनलला कळणार नाही. दुरुस्तीपुरतं काही तास करतात, पण तेव्हा माणूस नेमून मजल्यावर फेऱ्या मारायच्या असतात, नोंद ठेवायची असते आणि अग्निशमन विभागाला कळवायचं असतं. रोज रात्री बंद आणि सकाळी चालू ही दुरुस्ती नव्हे. आणि हे रात्रीच, जेव्हा माणसं झोपलेली असतात!

एजन्सीला विचारायचे प्रश्न देतो, मालकांना पाठवा. त्या स्विचला विलंब किती सेकंदांचा ठेवलाय? अमेरिकेच्या मानकात पाणी वाहू लागल्यापासून ९० सेकंदांच्या आत अलार्म यायला हवा असं आहे, म्हणजे थोडा विलंब ठेवायला जागा आहे. जॉकी पंप, म्हणजे लाइनचं प्रेशर टिकवणारा छोटा पंप, किती वेळा चालू होतोय? तो सारखा चालू होत असेल तर कुठेतरी गळती आहे किंवा वाल्व्ह धरत नाहीये, मग नुसता विलंब वाढवून मूळ दुखणं झाकलं जाईल. पाइपात हवा अडकलीय का? स्विच बदलला तर बदलल्यानंतर पाणी सोडून चाचणी केली का? आणि कचऱ्याच्या खोलीतला डिटेक्टर कोणत्या प्रकारचा आहे, तिथे धुळीने स्मोक डिटेक्टर बिथरणारच.

कलमदान

बिनतारी यांचे प्रश्न जसेच्या तसे पत्रात जोड. आणि आयसोलेट करण्याचा त्यांचा प्रस्ताव फोनवर आलाय की लेखी? फोनवर असेल तर आजच त्यांना ईमेल कर, "आपलं आज असं बोलणं झालं, आपण असं सुचवलंत, आम्हाला ते मान्य नाही." त्यांनी उत्तर नाही दिलं तरी तुझी नोंद झाली.

मालक तुझ्या बाजूने उभे राहिलेत ही मोठी गोष्ट आहे, पत्र त्यांच्या नावाने नको, त्यांच्यासह जाऊ दे. भाड्याचा मुद्दा आत्ताच घालू नकोस, पण सोडूही नकोस. शेवटी एक वाक्य ठेव की "यासंबंधीचे आमचे इतर हक्क आम्ही राखून ठेवत आहोत."

खिडकीतली

काकांचं आणि बाळाचं पण लिहा.

तिसरामजला

मसुदा केलाय, इथे टाकते, सुधारणा सांगा.

"महोदय, इमारतीतील अग्निसूचना यंत्रणा गेले अनेक महिने नादुरुस्त आहे. आपणच दिलेल्या नोंदीनुसार बहुतेक खोटे अलार्म रायझर २ वरील फ्लो स्विचमुळे झाले आहेत. याचा परिणाम म्हणून अलार्म वाजल्यावर रहिवासी बाहेर पडेनासे झाले आहेत, त्यामुळे प्रत्यक्ष आग लागल्यास जीवितहानीचा धोका आहे. इमारतीत लहान मुले तसेच जिना उतरण्यास त्रास होणाऱ्या व्यक्ती राहतात, त्यांना बाहेर काढण्याची योजना आम्हास लेखी कळवावी. सदर स्विच रात्री बंद ठेवण्याचा पर्याय आम्हास मान्य नाही. सोबतच्या प्रश्नांची उत्तरे, शेवटच्या तपासणीचे प्रमाणपत्र आणि दुरुस्तीचा अहवाल शक्य तितक्या लवकर द्यावा. प्रत माहितीसाठी: अग्निशमन विभाग. यासंबंधीचे आमचे इतर हक्क आम्ही राखून ठेवत आहोत."

तारतम्य

फार छान झालंय. "आपणच दिलेल्या नोंदीनुसार" हे सगळ्यात आवडलं.

कलमदान

"शक्य तितक्या लवकर" काढ. तिथे तारीख घाल. उद्या हे कुठे पुढे न्यावं लागलं तर मुदत कधी संपली हे दिसलं पाहिजे.

झोपाळू

हाच मसुदा आमच्याकडे वापरला तर चालेल का? रायझरचं तेवढं बदलतो.

बिनतारी

आधी तुमच्या पॅनलचा फोटो काढा झोपाळू, मग काय बदलायचं ते ठरवू.

तिसरामजला

खुशाल वापरा. तारीख घातली, आजपासून पंधरा दिवस. वर-खाली मिळून बऱ्याच घरांनी सही करतो म्हटलंय, समोरचे काका आमच्या मजल्यावरच्या सह्या गोळा करतायत. संध्याकाळी ईमेल जाईल आणि उद्या सकाळी एक प्रत हातोहात देऊन पोच घेते.